पिल्लू घरी एकटं असताना

दाराला कुलूप लावून आम्ही जिन्याच्या वळणावर चोरासारखे उभे राहायचो, आतून काही आवाज येतोय का ते ऐकायला. चिंगी, आमचं कुत्र्याचं पिल्लू, तेव्हा चार महिन्यांची होती. पहिल्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही, म्हणून खुशीत बाहेर पडलो. दोन तासांनी परत आलो तर पायपुसण्याचा पार भुगा झाला होता, चार्जरची वायर दोन ठिकाणी चावलेली होती (बटण बंद होतं म्हणून निभावलं) आणि त्या पसाऱ्याच्या मधोमध चिंगी गाढ झोपली होती. मी तिला ओरडलो. ते चुकलंच, पण त्याबद्दल पुढे.

त्यानंतर मी बाजारात मिळेल ते खेळणं घरी आणत सुटलो. तासातासाला तिला काही ना काही करायला हवं, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात लहान पिल्लं दिवसाचे अठरा ते वीस तास झोपतात आणि मोठी कुत्रीसुद्धा बारा-चौदा तास सहज काढतात. म्हणजे तुम्ही बाहेर असताना तुमच्या पिल्लाने बहुतेक वेळ घोरत पडायला हवं. आपलं काम तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासाचं. तेवढा वेळ सुखात गेला की पुढची झोप आपोआप लागते. तो बिघडला, तर रडणं, भुंकणं, चावाचाव सगळं तिथूनच सुरू होतं. खाली जे सांगतोय ते या अर्ध्या तासाभोवतीच फिरतं. क्रम शक्यतो पाळा, कारण खेळणी विकत घेणं ही यातली पहिली पायरी नाही.

आधी घड्याळाचा हिशेब

पिल्लू किती वेळ एकटं राहू शकेल, हे त्याच्या मूत्राशयावर ठरतं. ढोबळ हिशेब असा, की जितके महिने वय, त्यात एक मिळवा. तितके तास ही कमाल मर्यादा. तीन महिन्यांच्या पिल्लासाठी जास्तीत जास्त चार तास. ही टोकाची मर्यादा आहे, रोजची सवय नव्हे. जागं असलेलं, खेळलेलं, पाणी प्यायलेलं पिल्लू याच्या निम्म्या वेळातच शू करतं. आणि वय वाढेल तसा हा हिशेब ताणत नेऊ नका. मोठ्या कुत्र्यालाही सलग सहा-आठ तासांपेक्षा जास्त कोंडून ठेवणं मला पटत नाही.

तुमचं काम नऊ तासांचं असेल, तर दुपारी घरी कोण डोकावणार, हे आधी ठरवा. घरातलं कोणी, शेजारचं कोणी, पगारी माणूस, काहीही चालेल. याला खेळणं हा पर्याय नाही. शू दाबून बसलेल्या पिल्लासमोर जगातलं सगळ्यात महागडं कोडं ठेवलंत, तरी ते त्याकडे बघणार नाही.

दातांचाही हिशेब डोक्यात असू द्या. कुत्र्याचे दुधाचे दात अठ्ठावीस. ते साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, काहीतरी चावल्याशिवाय चैन पडत नाही. पक्के दात आले की चावणं थांबेल, या आशेवर मात्र राहू नका. त्यानंतर कुत्र्याचं वयात येणं सुरू होतं आणि दीड वर्षाचं होईपर्यंत ही हौस टिकू शकते. फरक एवढाच, की आता जबड्यात जोर असतो.

जागा: पोटावर पालथं पडून बघा

सुरुवातीला अख्खं घर मोकळं ठेवू नका. एक खोली, किंवा दारात लहान मुलांसाठी मिळतं तसलं अडसराचं फाटक लावून केलेला कोपरा, किंवा जाळीचं कुंपण. जागा इतकी हवी, की एका टोकाला अंथरूण, दुसऱ्या टोकाला शू करायची जागा आणि मध्ये चार पावलं फिरता येईल.

आता त्या जागेत खरंच पोटावर पालथे पडा. उभ्याने बघितलेली खोली आणि जमिनीलगत दिसणारी खोली वेगळी असते. सोफ्याखाली गेलेला मोजा, पलंगाच्या मागची वायर, पडद्याची लोंबणारी दोरी, गोळ्यांचं रिकामं पाकीट, केसांचा रबर. मोजे, दोऱ्या आणि रबर यांची मला वायरीइतकीच भीती वाटते. गिळलेला दोरा आतड्यात अडकला की आतडं चुण्या पडून गोळा होतं आणि शस्त्रक्रियेशिवाय इलाज राहत नाही. कचऱ्याचा डबा खोलीबाहेर, फरशी पुसायची औषधं कपाटात, पाण्याचं भांडं जड आणि रुंद बुडाचं. गळ्यातला पट्टा काढून ठेवा. एकट्या पिल्लाचा पट्टा जाळीत अडकणं हा फालतू दिसणारा पण जीवघेणा प्रकार आहे.

पिंजरा, म्हणजे क्रेट, वापरावा की नाही यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत सरळ आहे. दार उघडं असताना पिल्लू आपणहून आत जाऊन झोपत असेल तर वापरा. तसं नसेल, तर दार लावून निघून जाऊ नका. घाबरलेलं पिल्लू जाळी चावून दात मोडून घेतं, नखं उचकटून घेतं.

अंथरुणावर तुम्ही घातलेला, न धुतलेला टी-शर्ट टाका. यामागे नुसती भावना नाही. एमआरआय यंत्रात हालचाल न करता पडून राहायला शिकवलेल्या कुत्र्यांना मेंदूशास्त्रज्ञ ग्रेगरी बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळे वास हुंगायला दिले. ओळखीच्या माणसाचा वास आला तेव्हा मेंदूतला सुखाच्या अपेक्षेशी जोडलेला भाग सगळ्यात जास्त उजळला, ओळखीच्या कुत्र्याच्या वासापेक्षाही जास्त. अर्थात तुमचं पिल्लू कापड फाडून गिळणाऱ्यांपैकी असेल, तर हा सल्ला विसरून जा.

एकटं राहण्याची शिकवणी

सगळे जण नेमकी हीच पायरी गाळतात. आम्हीही गाळली होती. आपण शू कुठे करायची ते शिकवतो, बस म्हटल्यावर बसायला शिकवतो, आणि एकटं राहणं मात्र त्याला आपोआप येईल असं धरून चालतो. ज्या प्राण्याने जन्मल्यापासून एक मिनिटही एकटं काढलेलं नाही, आई-भावंडांच्या ढिगात झोपलेला आहे, त्याला एके सकाळी चार तास बंद खोलीत ठेवायचं म्हणजे पोहायला शिकवण्यासाठी विहिरीत ढकलून देण्यासारखं आहे.

पहिले दोन-तीन दिवस तुम्ही घरातच आहात. फाटक लावा, पिल्लाला आत चाटायला काहीतरी द्या आणि तुम्ही फाटकाच्या बाहेर, त्याला दिसाल असे बसा. मग उठून नजरेआड व्हा आणि लगेच परत या. पाच सेकंद, मग दहा, मग परत पाच, मग वीस. वेळ नुसती चढत नेऊ नका. प्रत्येक वेळी आधीपेक्षा अवघड होत गेलं तर पिल्लूही ते ओळखतं. मधूनच एक अगदी सोपी फेरी टाका.

त्याबरोबर निघण्याच्या खुणा बोथट करा. चाव्या उचलायच्या आणि सोफ्यावर जाऊन बसायचं. चपला घालायच्या आणि भांडी घासायला लागायचं. पिशवी खांद्यावर टाकून घरभर एक चक्कर मारायची. घरातल्यांना तुम्ही वेडे झालात असं वाटेल. वाटू द्या. चिंगीला चाव्यांचा आवाज आला की ती थरथरायची. दिवसातून पंधरा वेळा उगाचच चाव्या वाजवल्यावर आठव्या-नवव्या दिवशी तिने एक कान हलवला आणि परत झोपली.

मग दाराबाहेर. एक मिनिट, तीन मिनिटं, कचरा टाकून येणं, पाच मिनिटं, परत एक मिनिट. अर्ध्या तासापर्यंतचा टप्पा सगळ्यात हळू जातो. तो एकदा शांतपणे पार पडला की पुढे तासाचे दोन तास व्हायला फारसे दिवस लागत नाहीत.

रडू द्या, रडून रडून गप्प बसेल, असं सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मला ते अजिबात मान्य नाही. दमून गप्प बसलेलं पिल्लू शांत झालेलं नसतं, आणि पुढच्या वेळी ते दार लागायच्या आधीच रडायला लागतं. नियम एकच: रडायच्या आत परत यायचं. तरी रडलंच, तर आत जा, धीर द्या आणि पुढची फेरी निम्म्या वेळाची ठेवा. तुमचा अंदाज चुकला, एवढंच झालं.

अडचण ही, की शिकवणी चालू असताना नोकरीही चालू असते. जमेल तर या दोन-तीन आठवड्यांत खऱ्या गैरहजेरीच्या वेळी कोणीतरी सोबत ठेवा. रोज संध्याकाळी पाच मिनिटांचा सराव आणि रोज सकाळी पाच तासांचा धक्का, असं चाललं तर सरावाचा काही उपयोग होत नाही.

निघण्याआधीचा तास

दमलेलं पिल्लू झोपतं हे खरं. पण दमवण्याची पद्धत चुकली तर उलटंच होतं. निघायच्या आधी पंचवीस वेळा चेंडू फेकलात तर तुमच्या हाती धापा टाकणारं, डोळे विस्फारलेलं, अजून खेळायला तयार असलेलं पिल्लू येतं. त्याला कोंडून निघालात, की उरलेला जोर उशीवर निघतो.

त्यापेक्षा हुंगू द्या. फिरायला नेताना अंतर मोजू नका. एका खांबापाशी तीन मिनिटं गेली तर जाऊ द्यात. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक शार्लट ड्युरांतों आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही कुत्र्यांना दोन आठवडे वास शोधायचा सराव दिला, काहींना मालकाच्या पायाशी नीट चालायचा. नंतर सगळ्यांसमोर एक भांडं अशा जागी ठेवलं, की त्यात खाऊ आहे की नाही याचा अंदाज बांधता येऊ नये. हुंगणारी कुत्री आधीपेक्षा लवकर भांड्याकडे धावली. खाऊ असेलच, असा आशावाद त्यांच्यात वाढला होता. शिस्तीत चालणाऱ्यांत असा बदल दिसला नाही.

लसीकरण पूर्ण झालेलं नसेल, तर अनोळखी कुत्री फिरतात तिथे पिल्लाला खाली सोडू नका. कडेवर घेऊन बाहेरच्या वाऱ्यावर उभं राहिलात तरी नाकाला भरपूर काम मिळतं.

फिरून आल्यावर शू-शी झाली आहे याची खात्री करा आणि मग पंधरा-वीस मिनिटं काहीच करू नका. तुमचं आवरणं चालू, पिल्लू जमिनीवर पसरलेलं. श्वास खाली येऊ दे. निघताना गळाभेटी नकोत आणि गुपचूप सटकणंही नको. आमचं एकच वाक्य ठरलेलं आहे, ‘येते हं चिंगी’, तेही बायकोचं. मी म्हटलं तरी तसंच म्हणतो. शब्द बदलले की चिंगी संशयाने बघते.

भरलेलं खेळणं: यात घाई करू नका

पोकळ रबरी खेळण्याच्या पोटात खाणं भरून द्यायचं, ही एकच गोष्ट मला निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन. यातलं सगळ्यात प्रसिद्ध खेळणं म्हणजे काँग. त्याची कथा मजेशीर आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोत जो मार्कहॅम नावाच्या माणसाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवून घेत होता. मार्कहॅम आपली फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करत असताना सुटे भाग बाजूला टाकत होता, त्यातला सस्पेन्शनचा एक रबरी तुकडा कुत्र्याने उचलला आणि तो काही केल्या सोडेना. आजच्या त्या तीन वेटोळ्यांच्या खेळण्याचा आकार तिथून आला.

कोणत्याही कंपनीचं घ्या, पण माप नीट बघा. पिल्लाच्या दाढांच्या मागे जाऊ शकेल इतकं लहान खेळणं घशात अडकतं. शंका असेल तर मोठं माप घ्या. पिल्लांसाठी मऊ रबराचं वेगळं मिळतं. पक्के दात आले की ते बदला, नाहीतर तुकडे निघायला लागतात.

भरायचं कसं, यात लोक पहिल्याच दिवशी चुकतात. कुठेतरी गोठवलेल्या खेळण्याचा व्हिडिओ बघतात, फ्रीझरमधून दगडासारखं काढून पिल्लासमोर ठेवतात. पिल्लू दोनदा चाटतं, काही मिळत नाही, सोडून देतं. मग ‘आमच्याला नाही आवडत’ म्हणून खेळणं माळ्यावर जातं. पहिल्या दिवशी फक्त कुत्र्यांच्या तयार खाण्याचे सुके दाणे घाला, भोक मोकळं ठेवा. नाकाने ढकललं की दाणे भसाभस बाहेर पडले पाहिजेत. पिल्लाला कळू दे, की ही वस्तू खाणं देते. दोन-तीन दिवसांनी दाणे कोमट पाण्यात भिजवून मऊ करा आणि सैलसर भरा. मग तेच चमच्याने दाबून भरा, तोंडाशी थोडं साधं दही किंवा उकडलेल्या गाजराचा गोळा लावा. हे पंधरा मिनिटांत संपायला लागलं, की मगच गोठवा. तेही आधी तासभर, नंतर रात्रभर. खालचं बारीक भोक दह्याने बंद करून खेळणं पेल्यात उभं ठेवलं की भरताना गळत नाही.

आमचं रोजचं भरण असं आहे: तळाशी चिमूटभर उकडलेल्या चिकनचे तंतू, त्यावर भिजवलेले दाणे दाबून, मध्ये एक गाजराचा तुकडा आडवा अडकवलेला, वर दह्याचं झाकण. सगळ्यात चविष्ट वस्तू तळाला. ती वर ठेवलीत तर ती खाऊन झाल्यावर चिंगी उरलेल्याकडे ढुंकूनही बघत नाही.

हे सगळं त्याच्या रोजच्या जेवणातून वजा करायचं, वर नाही. वरखाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत राहावा, असा साधारण नियम आहे. पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावरची घटकांची यादी वाचा. त्यात झायलिटॉल नावाचं गोडी आणणारं द्रव्य असेल तर तो डबा घरातच ठेवू नका. कुत्र्यात ते रक्तातली साखर झपाट्याने खाली आणतं आणि यकृत निकामी करू शकतं. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण यांतलं काहीही खेळण्यात जाता कामा नये.

आणखी दोन गोष्टी. नवीन खेळणं दोन-तीनदा तुमच्या डोळ्यांदेखत द्या, मगच एकट्याला. आणि ते फक्त निघतानाच देऊ नका. तसं केलंत तर खेळणं म्हणजे तुमच्या जाण्याची घंटा, असं समीकरण बसतं आणि पिल्लू खेळण्याकडे बघूनच कावरंबावरं होतं. मधूनच रविवारी दुपारी, तुम्ही शेजारी लोळत असतानाही द्या. बाटली धुवायचा ब्रश याच्यासाठी वेगळा ठेवा. एकदा आतलं दही तीन दिवस विसरलं, तो वास मी अजून विसरलेलो नाही.

नाकाला काम

फुकटातले खेळ याच सदरात येतात. जुना टॉवेल पसरून त्यावर मूठभर दाणे टाकायचे, गुंडाळी करायची, झालं. जमायला लागलं की गुंडाळी दुमडून ठेवायची. सकाळचं जेवण ताटलीत न देता खोलीभर विखरून टाकायचं, म्हणजे दोन मिनिटांचं जेवण पंधरा मिनिटं चालतं. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे चुरगळलेले बोळे आणि मध्ये दाणे. खोक्याची पिना आणि चिकटपट्टी आधी काढा.

पुठ्ठा फाडणं हे वाईट वागणं नाही, ते कामच आहे. फाडू द्या. चिंगी खोक्याचे एकसारखे तुकडे करून त्यांचा ढीग लावते, कारखान्यात कामाला असल्यासारखी. पण काही पिल्लं फाडून थुंकतात आणि काही फाडून गिळतात. तुमचं यांतलं कोणतं आहे, ते तुम्ही घरी असताना बघून ठेवा. गिळणारं असेल तर एकटं असताना टॉवेलही नको आणि पुठ्ठाही नको, फक्त विखुरलेले दाणे.

चावायला काय द्यावं

इथे मी जरा कडक आहे. जे चावून लहान होत जातं आणि शेवटी गिळलं जातं, ते एकट्या पिल्लाला द्यायचं नाही. चामड्याची हाडं म्हणून जी पांढरी गाठ मारलेली मिळतात ती यातच आली. ती भिजून लिबलिबीत होतात आणि त्यांचा तुकडा घशात बसतो. शिजवलेली हाडं तर तुम्ही समोर असतानाही नाहीत. शिजल्यावर ती ठिसूळ होतात आणि त्यांच्या टोकदार चिरफळ्या निघतात.

फार टणक वस्तूही नकोत. परीक्षा सोपी आहे: अंगठ्याचं नख रोवून बघा. थोडीशी खूण उमटली तर ठीक. नख वाकलं आणि वस्तूवर काहीच झालं नाही, तर ती दात फोडेल. वरच्या जबड्यातली मोठी दाढ अशीच तडकते, आणि कुत्रं ते आठवडेच्या आठवडे जाणवू देत नाही. दोरीची खेळणी आणि शिट्टी बसवलेली मऊ खेळणी मजेची असतात, पण ती आपण समोर असतानाची.

खेळण्यांची पाळी

घरात वीस खेळणी असतील, तर एका वेळी तीनच जमिनीवर ठेवा. बाकीची डब्यात, झाकण लावून. पुलन, मेरिल आणि ब्रॅडशॉ यांच्या २०१२ सालच्या अभ्यासात कुत्र्यांना तेच खेळणं अर्ध्या-अर्ध्या मिनिटासाठी पुन:पुन्हा दिलं होतं. काही फेऱ्यांत जवळपास सगळीच कंटाळली. खेळण्याचा रंग किंवा वास बदलला, की रस परत आला. त्यामुळे आठवड्याने डब्यातून काढलेलं जुनं खेळणं नव्यासारखंच चालतं, आणि धुऊन दिलं तर आणखी बरं.

आवाज

रेडिओ लावून ठेवावा का? चालेल, हळू आवाजात. बाहेरच्या पावलांचे, लिफ्टचे दचकवणारे आवाज त्यात बुडतात, हा मोठा फायदा. ग्लासगो विद्यापीठाने स्कॉटलंडमधल्या प्राण्यांच्या निवारागृहात केलेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सॉफ्ट रॉक आणि रेगे या प्रकारचं संगीत लावल्यावर कुत्री जास्त निवांत दिसली. शास्त्रीय संगीतही चालतं, पण रोज तेच लावलं की काही दिवसांत परिणाम ओसरतो. म्हणजे इथेही पाळी हवीच. तुम्ही घरी असतानाही तेच अधूनमधून लावा, नाहीतर रेडिओ हीसुद्धा चाव्यांसारखी खूण बनते.

परत आल्यावर

आता त्या ओरडण्याबद्दल. ‘त्याला कळतं की चुकलंय, बघा कसा मान खाली घालतो,’ असं आपण सगळेच म्हणतो. होरोविट्झ यांनीच २००९ मध्ये हे तपासलं. मालक खोलीबाहेर असताना कुत्र्याला मनाई केलेला खाऊ त्याने कधी खाल्ला, कधी नाही. आणि मालकाला मात्र खरंखोटं सांगून आत पाठवलं. मान खाली, कान मागे, नजर चोरणं, हे सगळं मालक रागावल्यावर दिसलं, कुत्र्याने खाऊ खाल्लेला असो वा नसो. ज्यांनी काहीच केलं नव्हतं तीही ओरडा बसल्यावर ‘अपराधी’ दिसत होती, उलट जास्तच. म्हणजे चिंगीने माझं तोंड वाचलं होतं. पायपुसण्याचा आणि त्याचा संबंध फक्त माझ्या डोक्यात होता. ती शिकली काय, तर हा माणूस घरी परत येतो तेव्हा भीतीदायक असतो.

काही फाटलेलं दिसलं तर तोंड फिरवून हसा, पिल्लाला आधी बाहेर शू करायला न्या आणि पसारा नंतर आवरा. भेटायला येऊ द्या, बसून शांतपणे कुरवाळा. आल्या आल्या दहा मिनिटं कुत्र्याकडे बघायचंच नाही, हा सल्ला मला माणूसघाणा वाटतो.

एवढं करूनही जमत नसेल

कंटाळा आणि भीती यांतला फरक ओळखता यायला हवा, कारण वरचं जवळपास सगळं कंटाळ्यावरचं आहे. जुना फोन कपाटावर ठेवून रेकॉर्डिंग करा. कंटाळलेलं पिल्लू फिरतं, बूट शोधतं, चावतं, झोपतं, उठून परत चावतं. घाबरलेलं पिल्लू दारापाशी असतं. चौकट, उंबरा, खिडकी इथेच ओरखडे दिसतात. धापा, गळणारी लाळ, येरझाऱ्या, थांबता न येणारं रडणं, आणि तुम्ही गेल्यावर काही मिनिटांतच सुरू. सगळ्यात बोलकी खूण भरलेल्या खेळण्याची. चार तास ते जसंच्या तसं पडून आणि तुम्ही आत आल्याबरोबर पिल्लू त्यावर तुटून पडतं, तर समजा, तुम्ही नसताना घास त्याच्या घशाखाली उतरत नव्हता.

अशा वेळी नवीन खेळणं आणू नका, पशुवैद्यांकडे रेकॉर्डिंग घेऊन जा. पोटाचा, लघवीचा काही आजार नाही ना, हे आधी बघतात. मग वर्तनाची शिकवणी, आणि गरज पडली तर गोळ्या. गोळ्यांना लोक बिचकतात. वेगळं पडण्याच्या भीतीसाठी खास कुत्र्यांकरता मान्यता मिळालेली औषधं आहेत, आणि भीती थोडी खाली आली की शिकवणी पचते. भुंकल्यावर झटका देणारे पट्टे मात्र कोणी सुचवले तरी घालू नका. सोबतीला दुसरं कुत्रं आणण्याची घाईही नको. भीती ‘माणूस गेला’ याची असते, तेव्हा पुष्कळदा घाबरलेली कुत्री एकाची दोन होतात.

पहिला महिनाभर एक वही ठेवा. रेकॉर्डिंग वेगाने पळवून तीनच गोष्टी टिपायच्या: खेळणं कधी संपलं, आडवं कधी झालं, मध्ये उठलं का. माझ्या वहीतलं शेवटचं पान असं आहे: ९:०५ निघालो. ९:३१ खेळणं संपलं. ९:३४ दारापाशी जाऊन आली. ९:४० अंथरुणावर. ११:५२ पाणी प्यायली, कूस बदलली. १:१० कुलपाचा आवाज, एक डोळा उघडला.